चौदा नंबरची दोन मिनिटं

शनिवार, १३ ऑक्टोबर

आज बर्फावरच्या हॉकीच्या रिंकवर गेले होते. धाकट्या बहिणीला, हिल्काला, हे कळवणार नाही. सत्तरी गाठत आलेल्या बाईने एका निवृत्त दंतवैद्याशी लग्न करून हजार किलोमीटरवर थंडर बेला निघून जावं, आणि वर मला फोनवर सांगावं, “आयली, तू जरा घराबाहेर पडत जा.” मी घरात बसले तर बसले. चाळीस वर्षं एका छपराखाली राहिलो तेव्हा हिला माझ्या बाहेर पडण्याची चिंता नव्हती.

गेले ती गाएतानमुळे. त्याचं खिळ्यांचं आणि रंगांचं दुकान आहे, आणि मी पोस्टात होते तेव्हा दर सोमवारी पार्सलं न्यायला तो माझ्याच खिडकीवर यायचा. शनिवारी सकाळी तो एक हॉकीचा संघ चालवतो. ज्यांची बुद्धी जरा निराळ्या वाटेने वाढली अशा माणसांचा. ‘मंद’ म्हणायचं नाही, हे त्याने मला आधीच बजावलं. मी म्हणणारही नव्हते, पण बजावलं ते बरं झालं. सतरा वर्षांच्या मुलीपासून अठ्ठावन्न वर्षांच्या बाप्यापर्यंत बावीस जण. हिरवे आणि पांढरे असे दोन भाग पाडून खेळतात. त्यांचं घड्याळ सांभाळणाऱ्या माणसाचे गुडघे गेले, म्हणून गाएतान माझ्याकडे आला.

म्हणाला, “एकतीस वर्षांत तुम्ही खिडकी एक मिनिट उशिरा उघडली नाहीत. मला असंच माणूस हवंय.”

मी फुशारले. मग त्याने गुणफलकाची बटणं दाखवली आणि हळूच सांगितलं की आकडे काही अगदी खरे दाखवायचे नाहीत. दोन संघांतला फरक दोनच्या वर जाऊ द्यायचा नाही. हिरव्यांनी नऊ मारले आणि पांढऱ्यांनी तीन, तरी फलकावर नऊ-सात. म्हणजे वक्तशीर म्हणून मला आणलं आणि खोटं बोलायला बसवलं. मी तसं तोंडावर म्हणाले. तो हसला.

खेळ बरा झाला. कुणी पडलं की सगळेच काठ्या बर्फावर आपटून त्याला शाबासकी देतात. दहा मिनिटांनी माझी बोटं गारठली. पुढच्या वेळी लोकरीचे हातमोजे, बोटं उघडी असलेले.

शनिवार, २० ऑक्टोबर

खोटं बोलायला फार लवकर जमतं माणसाला. आज खरा हिशोब अकरा-चार होता. मी सात-सहावर थांबले आणि कुणाला काही वाटलं नाही. पांढऱ्यांची क्लोडेट जिंकल्यासारखी नाचली. ती बावन्न वर्षांची आहे, कुणाचं ऐकत नाही, आणि खेळ संपल्यावर प्रत्येकाचा मुका घेते, समोरच्या संघाचाही.

एक जण मात्र फलकाकडे बघत होता. हिरव्यांचा चौदा नंबर, ओरेस्ट. एकोणतीस वर्षांचा, उंच, पाठ ताठ, बोलणं मोजकं. खेळ सुरू होण्याआधी तो फलकाखाली उभा राहून सगळं वाचतो, रिंकच्या भिंतीवरचे नियमसुद्धा. आपली पाळी संपली की बाकीच्यांना हाका मारमारून बाहेर काढावं लागतं, पण हा बरोबर पंचेचाळीस सेकंदांनी स्वतःहून बाकावर येऊन बसतो. असा माणूस मला पोस्टात मिळाला असता तर मी आणखी दोन वर्षं नोकरी केली असती.

जाताना माझ्या काचेशी थांबला. म्हणाला, “घड्याळबाई, सात-सहा नाही.”

मी म्हणाले, “नाही. पण राहू दे.”

त्याने विचार केला आणि गेला. मला जरा लाजल्यासारखं झालं.

शनिवार, २७ ऑक्टोबर

आज नवा पंच होता, वेंडेल. नेहमीची मुलगी आजारी म्हणून गाएतानने त्याला बोलावलं. शहात्तर वर्षांचा. चाळीस वर्षं मोठ्यांच्या सामन्यांत शिट्टी फुंकली, नाकावर माशी बसू देत नाही असा. त्याला कुणी सांगितलंच नसावं की इथे पेनल्टी, म्हणजे चुकलेल्याला ठरलेली मिनिटं खेळाबाहेरच्या खोक्यात बसवणं, कुणी देत नाही. दिलीच तर गंमत म्हणून, कुणाला त्या खोक्यात बसायची हौस असते म्हणून.

ओरेस्टची काठी क्लोडेटच्या पायात आली. ती धपकन बसली आणि हसायला लागली. वेंडेलने कर्कश शिट्टी मारली, हात वर केला, पायात काठी घातल्याची ती खूण केली आणि साऱ्या रिंकला ऐकू जाईल असं म्हणाला, “हिरवा, चौदा नंबर. दोन मिनिटं.”

सगळे गाएतानकडे बघायला लागले. ओरेस्ट मात्र मान खाली न घालता सरळ माझ्या शेजारच्या खोक्यात आला, दार लावून घेतलं आणि बसला. पेनल्टी बॉक्स माझ्या टेबलाला लागूनच आहे, मध्ये काच आणि बोलायपुरतं भोक. मी त्याला खुराडं म्हणते. गाएतानने मला लांबूनच हाताने ‘नको नको’ केलं, म्हणजे फलकावर लावू नका. मी लावलं नाही. तीनेक मिनिटांनी तो म्हणाला, “झालं रे ओरेस्ट, ये बाहेर.” ओरेस्ट वर बघून म्हणाला, “नाही झालं.”

शेवटचा भोंगा वाजला तरी तो तिथेच. शेवटी बर्फ सपाट करणारी गाडी आत आली तेव्हा उठला, कारण गाडी बर्फावर असताना सगळ्यांनी बाहेर व्हायचं असं भिंतीवर लिहिलंय.

वेंडेलने त्याला भलताच दुखावला. नियम माणसासाठी असतात एवढं शहात्तराव्या वर्षी तरी कळावं.

शनिवार, ३ नोव्हेंबर

ओरेस्ट कपडे, हेल्मेट, सगळं घालून आला, बर्फावर उतरला, आणि तडक माझ्या शेजारच्या खुराड्यात जाऊन बसला. पूर्ण तास.

गाएतानने समजावलं. क्लोडेटने काचेवर मुका दिला. त्याची आई स्लाव्का वरच्या पायऱ्यांवर कॉफी घेऊन बसते, ती खाली आली आणि चिडून, मग लाडाने, मग पुन्हा चिडून बोलली. त्याचं एकच उत्तर, “अजून नाही.”

का म्हणून विचारलं की तो गप्प. ‘का’चं उत्तर त्याला देता येत नाही, असं स्लाव्का म्हणाली. लहानपणापासूनच.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

हिल्काचा फोन वाजला. उचलला नाही. वाटाण्याचं सूप दोघींच्या मापाने केलं गेलं, सवयीने, आता तीन दिवस तेच खावं लागणार.

शनिवार, १० नोव्हेंबर

पुन्हा खुराड्यात. मी वेलचीचा पाव नेला होता, भोकातून एक तुकडा दिला. त्याने हातमोजा काढून घेतला, खाल्ला, हातमोजा परत घातला.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. घड्याळाजवळ बसणं हे एकट्याचं काम. सगळे बर्फावर किंवा बाकावर, आणि मी काचेच्या डब्यात. ओरेस्टशी बोलायला विषय लागत नाही. मी म्हणाले की पोस्टात एकदा एका माणसाने जिवंत कोंबडी पार्सल करायला आणली होती. तो म्हणाला, “वजन?” मी म्हणाले, दोन किलो शंभर. तो म्हणाला, “बरं.” इतकं नेमकं ऐकणारं माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. हिल्का तर माझं वाक्य निम्म्यात तोडायची.

जाताना त्याने फलकाच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे दोन लहान काळ्या चौकटी आहेत, त्यात काही उमटत नाही. “इथे काही नाही,” तो म्हणाला. मी बघितलं. खरंच, दिवे गेलेले असावेत. माझ्या लक्षात कसं आलं नाही? रिंकच्या माणसाला सांगायला हवं.

शनिवार, १७ नोव्हेंबर

आज वाईट झालं. स्लाव्का वेंडेलवर तुटून पडली.

नेहमीची मुलगी अजून आजारीच, म्हणून पंच तोच; बिचारा शिट्टी पुसत दाराशी उभा होता. स्लाव्का म्हणाली, “नऊ वर्षं, समजलं का तुम्हाला? नऊ वर्षं माझा मुलगा शनिवारी पहाटे माझ्याआधी उठून दाराशी उभा राहतो. त्याला दुसरं काही नाही. दुकानात कामाला लावला, महिन्यात परत आला. पोहायला नेला, पाण्यात उतरेना. हे एक होतं. ते तुम्ही घेतलंत.”

वेंडेल म्हणाला, “बाई, मी त्याला बाकीच्यांसारखंच वागवलं.”

“तेच तर,” स्लाव्का म्हणाली आणि रडायला लागली.

मला त्या वेळी स्लाव्काचंच म्हणणं पटलं, आणि मी मान हलवली, ती वेंडेलने पाहिली. तो गाएतानला म्हणाला की पुढच्या आठवड्यापासून दुसरा कुणी बघ. गाएतानने त्याला आणखी दोन शनिवार थांबायला सांगितलं, दुसरा कुणी नाहीच.

आणखी एक. फेब्रुवारीत सडबरीला मोठी स्पर्धा आहे, आठ गावांचे असे संघ येणार. नावं एक डिसेंबरच्या दुपारपर्यंत पाठवायची. गाएतान स्लाव्काला हळू आवाजात म्हणाला की जो महिनाभर खेळलाच नाही त्याचं नाव त्याला लिहिता येणार नाही, आत बसून राहिला तर तिकडे परक्या गावात काय करायचं? स्लाव्का म्हणाली की कळतं तिला. ती म्हणाली की नाव नसलं की तो यायचंही सोडेल. एकदा सोडलेली गोष्ट त्याने कधी परत धरलेली नाही.

मंगळवार, २० नोव्हेंबर

रिंकवर जाऊन विजेच्या माणसाला फलक दाखवला. शिडी लावून वर चढला, उघडून पाहिलं आणि म्हणाला, “दिवे ठणठणीत आहेत, बाई. तुम्ही आकडे घालत नाही म्हणून उमटत नाहीत.” ते पेनल्टीचे दिवे म्हणे. उगाच शिडी लावायला लावली म्हणून पुटपुटत उतरला. मी म्हणाले, दिवे चांगले आहेत हे तर कळलं. एक काळजी मिटली.

शनिवार, २४ नोव्हेंबर

ओरेस्ट पाचव्यांदा माझ्या शेजारी. म्हणजे पहिला धरून. आज त्याच्यासाठी मध घातलेलं गरम दूध नेलं होतं. मी त्याला सांगितलं की दिवे चांगले आहेत, तपासून घेतले. त्याने माझ्याकडे बघितलं. इतका वेळ कुणी माझ्याकडे बघत नाही. मग म्हणाला, “घड्याळबाई, माझी दोन मिनिटं.”

मी म्हणाले, “बस की रे, घाई काय आहे? अजून वीस मिनिटं आहेत खेळाला.”

तो पुन्हा वर फलकाकडे बघायला लागला. दूधही अर्धं ठेवलं.

घरी आल्यावर मनात एक आलं आणि ते इथे लिहून टाकते, कारण दुसरीकडे कुठे बोलता यायचं नाही. तो बाहेर जाऊन खेळायला लागला, तर शनिवारी माझ्या शेजारी कोण? हे मनात आलं, आणि मी त्याला ‘घाई काय आहे’ म्हणाले.

बुधवार, २८ नोव्हेंबर

घरी येऊन कोट न काढताच लिहायला बसले.

आज संध्याकाळी गावातल्या चाळिशीच्या वरच्या बाप्यांचा सामना होता. त्यांचा घड्याळवाला लग्नाला गेला, म्हणून मला बोलावलं. हे खऱ्या नियमांनी खेळतात. शिट्टी वाजली, आमच्या नळदुरुस्तीवाल्या डोनाल्डला पेनल्टी मिळाली, तो शिव्या देत खुराड्यात येऊन बसला. मी नियमांच्या पुस्तिकेत बघून त्याचा नंबर आणि दोन मिनिटं फलकावर लावली. त्या काळ्या चौकटी उजळल्या. आकडे उतरायला लागले. एक एकोणसाठ, एक अठ्ठावन्न.

डोनाल्डने ना पंचाकडे बघितलं, ना माझ्याकडे. तो फक्त वर बघत होता. शून्य झालं, आणि कुणी काही न सांगता तो दार लाथेने उघडून पळाला.

मी तशीच बसून राहिले. पुढचे दोन गोल लावायचे राहिले, बाप्ये ओरडले.

ओरेस्टची पेनल्टी कधी सुरूच झाली नाही. जी सुरू झाली नाही ती संपणार कशी? पाच आठवडे तो बसून आहे, आणि पाच आठवडे तो मला, खास मलाच, सांगतोय. इथे काही नाही. माझी दोन मिनिटं. नाही झालं. त्याने अजून किती सोपं करून सांगायला हवं होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. बटण माझ्या बोटाखाली, आणि मी विजेच्या माणसाला शिडीवर चढवला.

वेंडेलने दिली ती पेनल्टी खरी होती. ओरेस्टने ती खरी मानली. साऱ्या रिंकवर ती खोटी केली फक्त मी. आणि खापर फोडलं त्या म्हाताऱ्याच्या माथी, वर मान हलवली.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

कुणाला तरी सांगितल्याशिवाय सूप घशाखाली उतरेना. हिल्काला फोन केला. तिने काही विचारलं नाही, इतके दिवस फोन का उचलला नाही तेही नाही. मी सगळं सांगितलं. ती मध्ये बोलली नाही, ही पहिलीच वेळ. मग हसायला लागली. मग म्हणाली, “अगं वेडे, ही तर चांगली बातमी आहे. बिघडलेलं काही नाहीच, फक्त लावायचं राहिलंय.”

मी म्हणाले, पण चूक माझी. ती म्हणाली, मग सांग त्यांना, शनिवारपर्यंत वाट बघू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू शनिवारपर्यंत गोष्टी पत्रासारख्या चिकटवून ठेवशील.

तासभर बोललो. दंतवैद्य घोरतो म्हणे. मला खूप बरं वाटलं, घोरण्याचं नव्हे, पण तेही.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

तिघांकडे जाऊन आले. आधी गाएतान. तो रंगाचा डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला, मग म्हणाला, “लावू नका असं मीच खुणावलं होतं ना. असू दे, आयली, होतं असं.” मग स्लाव्का. तिने ऐकलं, खुर्चीत बसली, परत उभी राहिली आणि मला बटाट्याच्या पेरोगींचं, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचं, भरलेलं ताट बांधून दिलं. म्हणाली, “म्हणजे तो रागावलेला नाही? दुखावलेलाही नाही?” मी म्हणाले, नाही, तो नियम पाळतोय. ती हसली आणि डोळे पुसले. “माझ्या लक्षात यायला हवं होतं, आई मी. असू दे गं, आयली.”

वेंडेलकडे जायला पाय उचलत नव्हता. त्याने दारातच ऐकून घेतलं. म्हणाला, “म्हणजे माझा निर्णय बरोबर होता.” मी म्हणाले, हो. तो म्हणाला, “पाच आठवडे मला झोप नाही, बाई.” मी म्हणाले की मला माफ करा. “असू दे,” तो म्हणाला आणि दार लावलं.

तिघांनीही असू दे म्हटलं. तरी मन हलकं झालं नाही, ते का ते कळत नाही.

ठरलं ते असं. उद्या कुणी गाजावाजा करायचा नाही. ओरेस्ट खुराड्यात आला की मी चौदा नंबर आणि दोन मिनिटं लावायची. वेंडेलचं म्हणणं, पेनल्टी तर पेनल्टी, हिरव्यांनी एक माणूस कमी घेऊन खेळायचं. गाएतानने मान्य केलं. मला भीती एवढीच की पाच आठवड्यांनी ती त्याला खरी वाटेल का.

शनिवार, १ डिसेंबर

उणे अठरा. गाडीने तीनदा नकार दिला, मग निघाली.

क्रमाने लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

ओरेस्ट आला, तडक खुराड्यात बसला. मी काही बोलले नाही. खेळ सुरू झाला तसं बटण दाबलं. चौदा. दोन, शून्य, शून्य. चौकटी उजळल्या.

तो उभा राहिला. हेल्मेटची जाळी काचेला टेकवून वर बघत राहिला. वर स्लाव्काने दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. बर्फावर हिरवे गोंधळले, आपल्यात एक कमी का म्हणून मोजायला लागले, गाएतान त्यांना गप्प करत होता. एक चाळीस. एक तीस. मला वाटलं, आता फक्त वेळ जाऊ दे.

आणि क्लोडेटने गोल केला. पांढऱ्यांना सगळ्यांनी बजावलं होतं की दोन मिनिटं जरा सबुरीने घ्या. पण क्लोडेट कुणाचं ऐकते? तिने आयुष्यात मारला नसेल असा फटका मारला, चकती थेट जाळ्यात. फलकावर शिल्लक एक मिनिट चार सेकंद.

आता खरा नियम असा, की समोरच्यांनी गोल केला की छोटी पेनल्टी तिथेच संपते, बसलेला सुटतो. हे मला बुधवारच्या पुस्तिकेतून ठाऊक होतं. पण माझा हात बटणावर जाईना. मी आकडे पुसले आणि त्याला वाटलं की पुन्हा ‘इथे काही नाही’, तर? एकदा न लावून घालवला त्याला, आता पुसून घालवू? मी वेंडेलकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता, त्यालाही सुचत नव्हतं. गाएतान हात हलवत होता, पण पुसा म्हणून की नको म्हणून ते कळेना.

भोकातून आवाज आला, अगदी शांत.

“घड्याळबाई. गोल झाला. चौदा नंबर सुटला. पुसा.”

मी पुसलं. चौकटी काळ्या झाल्या. ओरेस्टने कडी काढली, दार उघडलं आणि पाच आठवड्यांनी खेळ चालू असताना बर्फावर पाय टाकला.

सगळ्या रिंकने काठ्या आपटल्या. पायऱ्यांवरचे आईबाप उभे राहिले, वेंडेलने शिट्टी तोंडात धरून टाळ्या वाजवल्या. आणि ओरेस्ट काठीबिठी न उगारता, चकतीकडे ढुंकूनही न बघता, सरळ हिरव्यांच्या बाकावर गेला आणि बसला. कारण त्याची पाळी नव्हती. स्लाव्का इतक्या मोठ्याने हसली की वरच्या पायऱ्यांवरून मला ऐकू आलं. दोन पाळ्यांनंतर त्याचा नंबर आला. तो उतरला, पंचेचाळीस सेकंद खेळला, दोनदा पडला, एकदा चकतीला काठी लागली, आणि परत येऊन बसला. दुपार व्हायच्या आतच गाएतानने माझ्या टेबलावरच कागद ठेवून त्याचं नाव लिहिलं आणि लगेच पाठवून दिलं.

माझ्या शेजारचं खुराडं रिकामं होतं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण मान सारखी बर्फाकडेच वळत होती.

शेवटच्या भोंग्यानंतर मी त्याला काचेपाशी बोलावलं. वेंडेल, स्लाव्का, गाएतान जवळच होते. मी म्हणाले, “ओरेस्ट, चूक माझी होती. पंचांनी दोन मिनिटं दिली होती, मी ती लावलीच नाहीत. तुला पाच शनिवार उगाच बसावं लागलं.”

गाएतान म्हणायला लागला की असू दे, झालं गेलं.

ओरेस्टने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला म्हणाला, “मग तुम्हाला दोन मिनिटं.”

कुणी हसलं नाही. वेंडेल ताठ उभा राहिला, हात वर केला आणि साऱ्या रिंकला ऐकू जाईल असं म्हणाला, “घड्याळबाई. खेळ लांबवल्याबद्दल. दोन मिनिटं.”

मी टेबलामागून निघाले. स्लाव्काचा दंड धरून, बुटांनी बर्फावरून घसरत खुराड्यात गेले आणि दार लावून घेतलं. ओरेस्ट माझ्या खुर्चीवर बसला. हातमोजे काढले. बटणं त्याला शिकवावी लागली नाहीत, पाच आठवडे बघत होता. भोकातून विचारलं, “नंबर?”

मी म्हणाले, मला कुठला नंबर? तो म्हणाला, “मग वय.” एकतीस वर्षं एका खोलीत काम केलेल्यांनाही मी ते सांगितलं नव्हतं. सांगितलं. वर फलकावर बहात्तर उमटलं, गावाला दिसेल एवढं, आणि शेजारी दोन शून्य शून्य.

दोन मिनिटं फार लांब असतात, हे मला ठाऊक नव्हतं. बाकडं गार होतं. बर्फाची गाडी दाराशी येऊन थांबली होती, चालवणाऱ्याने टोपी काढली आणि इंजिन बंद केलं. क्लोडेट पुढे आली, काचेवर मुका द्यायला, तर वेंडेलने तिला हाताने अडवलं. कालपासून तिघांनी मला असू दे म्हटलं होतं आणि त्याने माझं काही सुटलं नव्हतं. आता कुणी काही म्हणत नव्हतं. आकडे उतरत होते, आणि मी ओरेस्टसारखीच फक्त वर बघत होते. एक मिनिटाच्या सुमाराला मला रडू आलं. तीस सेकंदांवर थांबलं. शेवटचे दहा मी मोजले.

शून्य झालं. ओरेस्टने भोंगा वाजवला, पूर्ण लांब, सामना संपल्यासारखा. मग टेबलामागून उठून आला आणि बाहेरून कडी काढली.

“झालं,” तो म्हणाला. “आता या.”

मी उठले आणि बाहेर आले.